दोन सॉकेटांच्या सर्व्हरवर मेमरी कोठे पडते आणि ती हवी तेथे कशी पाडावी

दोन सॉकेटांचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेला, सर्व्हर विकत घेताना कोटेशनवर ‘१२८ जीबी रॅम’ असा एकच आकडा लिहिलेला असतो, परंतु यंत्राच्या आत ती मेमरी एकसंध नसते. त्यातील ६४ जीबी एका प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरला जोडलेली असते आणि उरलेली ६४ जीबी दुसऱ्याच्या. पहिल्या प्रोसेसरवरील कोअरला आपल्या बाजूची मेमरी थेट वाचता येते. पलीकडची वाचायची झाल्यास विनंती दोन प्रोसेसरांमधील दुव्यावरून जाते आणि उत्तरही त्याच वाटेने परत येते. यात वेळ तर जास्त जातोच, शिवाय त्या दुव्याची वहनक्षमताही मर्यादित असते. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणताना मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच बसवला, इंटेलने पुढे नेहेलेम पिढीत तोच मार्ग धरला, आणि नुमा (नॉन-युनिफॉर्म मेमरी ॲक्सेस) या नावाने ओळखली जाणारी ही असमान रचना साध्या दोन सॉकेटांच्या यंत्रांतही रूढ झाली.

हिंजवडी किंवा खराडीतील एखाद्या कंपनीचा डेटाबेस सांभाळणारे, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत किंवा आयसरमधील परम ब्रह्म या महासंगणकावर गणिते चालवणारे, अशा सर्वांचा या रचनेशी कधी ना कधी संबंध येतो. मात्र येथे एक फरक आधीच लक्षात घ्यावा. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यात उभारलेल्या परम ८००० या महासंगणकात प्रत्येक नोडची, म्हणजे त्यातील प्रत्येक संगणक-घटकाची, मेमरी पूर्णपणे स्वतंत्र होती आणि नोड एकमेकांना संदेश पाठवून काम करत. नुमामध्ये तसे नसते. येथे सर्व मेमरी प्रत्येक कोअरला दिसते, एकाच पत्त्याने वाचता येते, आणि त्यामुळेच ती चुकीच्या बाजूला पडली तरी प्रोग्रॅम बिनबोभाट चालत राहतो. फक्त हळू चालतो. पुढील मजकूर लिनक्सला धरून आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात.

यंत्राचा नकाशा पाहणे

सर्वप्रथम पुढील आज्ञा द्यावी.

नुमासीटीएल --हार्डवेअर

येथे नोड म्हणजे काही कोअर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट. उत्तरात किती नोड आहेत, कोणते कोअर कोणत्या नोडचे आहेत, प्रत्येक नोडवर एकूण किती मेमरी आहे व त्यातली किती मोकळी आहे, हे क्रमाने येते, आणि शेवटी अंतरांचा तक्ता येतो. त्या तक्त्यात स्वतःच्या नोडचे अंतर नेहमी १० असते आणि दुसऱ्या नोडचे २० किंवा २१ असे काहीतरी असते. हे आकडे यंत्राचे फर्मवेअर एका एसीपीआय कोष्टकातून कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, देते. २१ म्हणजे पलीकडची मेमरी नेमकी २.१ पट हळू, असा अर्थ कोणी काढू नये. उत्पादकाने भरलेला तो सापेक्ष आकडा असतो, आणि कर्नल त्याचा उपयोग प्रामुख्याने ‘जवळचा नोड आधी’ असा क्रम लावण्यासाठी करते.

या पहिल्याच पाहणीत दोन गोष्टी वारंवार उघडकीस येतात. पहिली अशी की यंत्र दोन सॉकेटांचे असूनही एकच नोड दिसतो. अशा वेळी बायोसमध्ये ‘नोड इंटरलीव्हिंग’ चालू ठेवलेले असण्याची दाट शक्यता असते; ते चालू असले की हार्डवेअरच दोन्ही बाजूंची मेमरी एकत्र गुंफते आणि कर्नलला निवड करण्यास वावच उरत नाही. दुसरी गोष्ट जुन्या, पुन्हा विकल्या जाणाऱ्या सर्व्हरांत अधिक आढळते. सर्व रॅमच्या पट्ट्या एकाच सॉकेटच्या खाचांत बसवलेल्या असतात आणि दुसऱ्या नोडपुढे शून्य एमबी दिसते. त्या दुसऱ्या प्रोसेसरवरील प्रत्येक कोअर कायमच परक्या मेमरीवर जगतो, आणि याला सॉफ्टवेअरमध्ये कोणताही उपाय नाही. यंत्र बंद करून पट्ट्या वाटून बसवणे एवढेच हाती राहते. याउलट एकाच सॉकेटवर अनेक नोड दिसले तर दचकू नये. एएमडी एपिकमध्ये बायोसच्या एनपीएस या सेटिंगने आणि इंटेलच्या प्रोसेसरांत सब-नुमा क्लस्टरिंगने एका सॉकेटचे मुद्दाम तुकडे करता येतात.

कर्नल पेज केव्हा आणि कोठून देते

प्रोग्रॅमने मॅलॉकद्वारे ४० जीबी मागितली म्हणजे ४० जीबी मेमरी मिळाली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्या क्षणी केवळ पत्त्यांचा पट्टा राखून ठेवला जातो. खरी मेमरी, म्हणजे ४ केबीचे एकेक भौतिक पेज, तेव्हाच नेमली जाते जेव्हा एखादा थ्रेड (प्रोग्रॅममधील कामाचा एक स्वतंत्र धागा) त्या पत्त्यावर प्रथम लिहितो आणि पेज फॉल्ट होतो, म्हणजे तेथे पेज नसल्याचे कर्नलला कळते. नुसते वाचल्यास कर्नल सर्वांसाठी सामाईक असलेले शून्याचे पेज दाखवून वेळ मारून नेते. नेमणूक होते ती लेखनाने. आणि दुसरे धोरण सांगितलेले नसेल तर, ज्या कोअरवर तो लिहिणारा थ्रेड त्या क्षणी चालू असतो, त्या कोअरच्या नोडवरचे पेज दिले जाते. याला ‘फर्स्ट टच’ म्हणतात. मेमरी कोणी मागितली याला येथे महत्त्व नाही. तिला पहिला हात कोणी लावला याला आहे.

जवळच्या नोडवर पेज मोकळे नसेल तर काय होते, हेही पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक नोडची मेमरी झोनांत विभागलेली असते. डीएमए३२ हा ४ जीबीच्या आतील पत्त्यांचा झोन बहुधा शून्य क्रमांकाच्या नोडवरच असतो, आणि म्हणून तो नोड इतरांसारखा कधीच नसतो. प्रत्येक झोनसाठी कर्नलने किमान, निम्न आणि उच्च अशा तीन पातळ्या ठरवलेल्या असतात. पेजची मागणी आली की कर्नल जवळून दूर अशा क्रमाने लावलेली झोनांची यादी चाळते आणि ज्या झोनमध्ये मोकळी मेमरी निम्न पातळीच्या वर आहे असा पहिला झोन निवडते. यादीतील सर्वच झोन त्या पातळीखाली गेले असतील तरच केस्वॅपडी हे पार्श्वभूमीवर मेमरी मोकळी करणारे कर्नलचे काम जागे केले जाते. ते प्रत्येक नोडसाठी वेगळे असते, आणि म्हणूनच टॉप या आज्ञेत केस्वॅपडी० आणि केस्वॅपडी१ अशी दोन नावे दिसतात. किमान पातळीही ओलांडली गेली तर मागणी करणाऱ्या प्रोसेसलाच थांबवून तिच्याकडून जागा मोकळी करून घेतली जाते.

या क्रमातून निघणारा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जवळचा नोड फाइलींच्या कॅशने भरलेला असेल, तर ती कॅश क्षणात टाकून देण्याजोगी असूनही कर्नल ती टाकत नाही. ते गुपचूप दुसऱ्या नोडवरचे पेज देऊन मोकळे होते. रात्री दोन वाजता बॅकअप चालला, त्याने शेकडो फाइली वाचून शून्य नोड भरून टाकला, आणि सकाळी पुन्हा सुरू केलेली सेवा अर्धीअधिक पलीकडच्या नोडवर जाऊन बसली, असे घडते. सकाळी येणारी तक्रार ‘कालपर्यंत ठीक होते’ अशी असते आणि फ्री या आज्ञेत संशयास्पद काहीच दिसत नाही, कारण ती आज्ञा सर्व नोडांची बेरीज दाखवते. उपाय दोन आहेत. बॅकअपलाच नुमासीटीएलने दुसऱ्या नोडवर बांधावे, म्हणजे त्याची कॅशही तेथेच पडेल; किंवा सेवा सुरू करण्यापूर्वी ड्रॉप_कॅशेस या फाइलीत १ लिहून कॅश रिकामी करावी. मला पहिला उपाय अधिक पसंत आहे, कारण दुसऱ्याने इतर सेवांची उपयुक्त कॅशही जाते.

कर्नलने दूर जाण्याऐवजी जवळचीच कॅश आधी साफ करावी, असे व्हीएम.झोन_रिक्लेम_मोड या सेटिंगने सांगता येते. पूर्वी अंतर जास्त असलेल्या यंत्रांवर ते आपोआप चालू होत असे. २०१४ मधील ३.१६ या आवृत्तीपासून ते मुळात बंद असते. फाइल सर्व्हर किंवा डेटाबेस यांच्यासाठी ते बंदच ठेवावे. तेथे कॅश मेमरीत असण्याचे मोल दूरच्या पेजमुळे होणाऱ्या विलंबाहून कितीतरी अधिक असते.

एक उदाहरण तपशिलाने

समजा, हवामानाच्या एखाद्या प्रारूपासारखा जाळीवर चालणारा सी भाषेतील प्रोग्रॅम आहे, त्याची मुख्य ॲरे ४० जीबीची आहे आणि गणना ओपनएमपीने (लूपचे काम अनेक थ्रेडांत वाटणाऱ्या पद्धतीने) दोन्ही सॉकेटांच्या सर्व कोअरांवर वाटलेली आहे. ४ केबीच्या हिशेबाने ही १,०४,८५,७६० पेजेस झाली. प्रोग्रॅमच्या आरंभी ॲरे शून्याने भरणारा एक साधा फॉर लूप आहे आणि तो समांतर केलेला नाही, कारण ‘तो एकदाच चालतो, त्याला कितीसा वेळ लागणार’ असा विचार झाला. तो लूप मुख्य थ्रेड चालवतो. मुख्य थ्रेड शून्य नोडवर असेल, तर त्या नोडवर जागा असेपर्यंत सर्वच्या सर्व पेजेस तेथे पडतात. पुढे गणना सुरू झाल्यावर एक क्रमांकाच्या नोडवरचे सर्व थ्रेड आपला प्रत्येक आकडा दुव्यापलीकडून आणतात, आणि शून्य नोडचा मेमरी कंट्रोलर दोन्ही सॉकेटांचा भार एकटा वाहतो, तर दुसरा रिकामा बसतो. कोअर दुप्पट करूनही वेग वाढत नसेल, तर पहिला संशय येथे घ्यावा.

दुरुस्ती एका ओळीची आहे. शून्य भरणाऱ्या लूपवरही ओपनएमपीचे समांतर फॉरचे निर्देशन द्यावे आणि त्याचे वाटप गणनेच्या लूपप्रमाणेच स्टॅटिक ठेवावे. म्हणजे जो थ्रेड पुढे ज्या ओळींवर काम करणार आहे, तोच त्या ओळींना पहिला हात लावतो. याबरोबर ओएमपी_प्रोक_बाइंड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ट्रू ठेवावे. अन्यथा शेड्युलर (कोणता थ्रेड कोठे चालवायचा हे ठरवणारा कर्नलचा भाग) थ्रेडांना एका सॉकेटवरून दुसऱ्यावर हलवतो आणि काळजीपूर्वक पाडलेली मेमरी मागेच राहते.

या दुरुस्तीतही काही खाचखळगे आहेत. ट्रान्सपरंट ह्यूज पेज ही मोठ्या पेजांची सोय चालू असेल तर एका फॉल्टला २ एमबी एकदम नेमले जातात आणि वरची ॲरे २०,४८० तुकड्यांची होते; दोन थ्रेडांच्या हद्दी २ एमबीच्या पटीत नसतील तर हद्दीवरील तुकडा ज्याने आधी हात लावला त्याच्याकडे जातो. मोठ्या ॲरेत हे नगण्य असते, छोट्या ॲरेंत नसते. दुसरे असे की प्रोग्रॅमने मोकळी केलेली मेमरी नेहमीच कर्नलकडे परत जात नाही. मॅलॉकची लायब्ररी ती स्वतःजवळ ठेवून पुढच्या मागणीला देते, आणि तेव्हा तिला ‘पहिला’ हात लागत नाही, कारण पेज आधीच कोठेतरी बसलेले असते. पायथॉन वापरणाऱ्यांसाठी सांगायचे तर नमपायचे झिरोज मोठ्या ॲरेला लगेच हात लावत नाही. नेमणूक नंतरच्या पहिल्या लेखनाच्या वेळी होते. जावामध्ये ऑलवेजप्रीटच हा पर्याय दिल्यास हीप (प्रोग्रॅमच्या वस्तूंसाठीची मेमरी) सुरुवातीलाच नेमला जातो, आणि त्याबरोबर यूजनुमा हा पर्यायही विचारात घ्यावा.

धोरण बाहेरून लादणे

प्रोग्रॅमचा स्रोत हाती नसेल तेव्हा नुमासीटीएलने धोरण देऊन तो सुरू करावा. हे धोरण फोर्क (नवी प्रोसेस निर्माण करणे) आणि एक्झेक (तिच्यात नवा प्रोग्रॅम चढवणे) या दोन्हींतून वारशाने पुढे जाते, म्हणूनच एका छोट्या आज्ञेने संपूर्ण सेवा नियंत्रित करता येते.

नुमासीटीएल --सीपीयूनोडबाइंड=० --मेमबाइंड=० ./गणना

यातील मेमबाइंड शब्दशः कडक आहे. शून्य नोड भरला तर कर्नल दुसऱ्या नोडकडे पाहत नाही. आधी त्याच नोडवर जागा मोकळी करण्याचा, मग स्वॅपचा, म्हणजे पेजेस डिस्कवर हलवण्याचा, प्रयत्न होतो, आणि तेही न जमल्यास पलीकडे ५० जीबी मोकळी असतानाही ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद पाडणारी कर्नलची यंत्रणा) त्या प्रोसेसचा बळी घेतो. लॉगमध्ये ओओएम आणि फ्रीमध्ये भरपूर मोकळी मेमरी असे विसंगत चित्र दिसले की मेमबाइंड किंवा सीपीयूसेट (प्रोसेसला ठरावीक कोअर व नोडांवर बांधणारी सोय) शोधावा. म्हणून प्रोग्रॅमची कमाल गरज एका नोडच्या क्षमतेत आरामात बसते याची खात्री असल्याखेरीज हा पर्याय वापरू नये. खात्री नसेल तर --प्रिफर्ड=० द्यावे; त्यात जागा असेपर्यंत तो नोड आणि नंतर इतर, असा समंजस व्यवहार असतो. अनेक मार्गदर्शिका सरसकट मेमबाइंड सुचवतात, ते मला पटत नाही.

डेटाबेसचे गणित निराळे आहे. १२८ जीबीच्या यंत्रावर मायएसक्यूएलला ९६ जीबीचा बफर पूल (डेटा मेमरीत धरून ठेवणारा साठा) दिला, तर तो कोणत्याही एका नोडवर मावणारच नाही. फर्स्ट टचने तो आधी एका नोडला काठोकाठ भरतो आणि मग दुसऱ्यावर सांडतो. एका नोडवर मेमरी शिल्लक असतानाही दुसऱ्यावरची पेजेस स्वॅपमध्ये जात असल्याच्या तक्रारी २०१० च्या सुमारास मायएसक्यूएल वापरणाऱ्यांत गाजल्या, त्या यामुळेच. येथे कोणता थ्रेड कोणते पेज वाचेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून जवळीक साधण्याचा हट्ट सोडून पेजेस आळीपाळीने सर्व नोडांवर वाटणे श्रेयस्कर ठरते.

नुमासीटीएल --इंटरलीव्ह=ऑल

दोन नोडांच्या यंत्रावर यामुळे सरासरी निम्मी वाचने दूरची होतात, हे खरे. परंतु दोन्ही कंट्रोलर सारखे राबतात आणि कोणताही नोड एकटा ओसंडत नाही. मायएसक्यूएलमध्ये यासाठी इनोडीबी_नुमा_इंटरलीव्ह हा स्वतःचा पर्याय आहे. तो केवळ बफर पूल नेमताना इंटरलीव्ह लावतो आणि पुन्हा नेहमीच्या धोरणाकडे येतो, त्यामुळे प्रत्येक जोडणीची छोटी खासगी मेमरी जवळच पडते. तो उपलब्ध असेल तर बाहेरून नुमासीटीएल लावण्यापेक्षा तोच निवडावा.

परिणाम तपासणे

नुमास्टॅट या आज्ञेत नुमा_हिट, नुमा_मिस आणि नुमा_फॉरेन असे आकडे नोडवार येतात. मिस म्हणजे दुसऱ्या नोडवर हवे असलेले पेज नाइलाजाने येथे दिले गेले, आणि फॉरेन म्हणजे येथे हवे असलेले पेज दुसरीकडे द्यावे लागले; एका ठिकाणचा मिस म्हणजे दुसऱ्या ठिकाणचा फॉरेन. हे आकडे नेमणुकांचे आहेत, वाचनांचे नाहीत, हे मात्र विसरू नये. वरच्या ४० जीबीच्या उदाहरणात चुकीचा प्रोग्रॅमही शंभर टक्के हिट दाखवेल, कारण मुख्य थ्रेडने शून्य नोडवर मागितले आणि शून्य नोडवरच मिळाले. कर्नलच्या दृष्टीने त्यात काहीच बिघडलेले नाही.

म्हणून एका विशिष्ट प्रोसेससाठी नुमास्टॅट -पी आणि पुढे तिचा क्रमांक द्यावा. तिची मेमरी कोणत्या नोडवर किती एमबी आहे ते दिसते. त्याहून बारकाईने पाहायचे तर प्रॉक फाइलप्रणालीत त्या क्रमांकाच्या फोल्डरमधील नुमा_मॅप्स ही फाइल उघडावी. प्रत्येक ओळीत एक पत्ता, त्याचे धोरण, आणि एन०=, एन१= असे नोडवार पेजांचे आकडे असतात. आपल्या मोठ्या ॲरेची ओळ शोधावी. तेथे फक्त एन० दिसत असेल तर मेमरी एकाच बाजूला पडली आहे. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर आरंभीचा लूप खरोखर समांतर चालला आहे. चालू प्रोसेसची आधीच बसलेली पेजेस हलवायची असतील तर मायग्रेटपेजेस ही आज्ञा प्रोसेसचा क्रमांक, जुना नोड आणि नवा नोड घेऊन ते काम करते.

कर्नल स्वतःही दुरुस्तीचा प्रयत्न करते. नुमा_बॅलन्सिंग हे सेटिंग चालू असल्यास कर्नल प्रोसेसच्या पत्त्यांचे काही भाग ठरावीक काळाने मुद्दाम अगम्य करून ठेवते, त्यामुळे पुढच्या वाचनाला फॉल्ट होतो, आणि कोणत्या नोडवरचा थ्रेड कोणते पेज वापरतो हे कळते. मग पेज थ्रेडजवळ आणले जाते किंवा थ्रेड पेजजवळ. दीर्घकाळ चालणाऱ्या, फारसे स्वरूप न बदलणाऱ्या कामांना याचा चांगला उपयोग होतो. धोरण हाताने नीट बांधलेले असेल तर मात्र ते बंद करून तुलना करावी, कारण तेव्हा केवळ फॉल्टांचा खर्च उरतो.

सेवा, कंटेनर आणि रांगा

सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या युनिट फाइलीत नुमापॉलिसी आणि नुमामास्क या ओळी लिहिल्या म्हणजे नुमासीटीएलची गरज उरत नाही. सीग्रुप या प्रोसेसांचे गट करून मर्यादा घालणाऱ्या सोयीच्या दुसऱ्या आवृत्तीत सीपीयूसेट.मेम्स बदलल्यास आधीची पेजेसही नव्या नोडांवर हलवली जातात. चालू सेवेवर हे करताना तेवढा भार गृहीत धरावा. सामाईक यंत्रांवर कामांची रांग लावणाऱ्या स्लर्ममध्ये काम देताना --मेम-बाइंड=लोकल द्यावे, आणि एमपीआय (प्रोसेसांमध्ये संदेश पाठवण्याची पद्धत) व ओपनएमपी एकत्र वापरत असल्यास प्रत्येक नुमा नोडला एक एमपीआय प्रोसेस अशी मांडणी आधी करून पाहावी, कारण त्यात फर्स्ट टचचा प्रश्न बहुतांशी आपोआप सुटतो. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हायपरवायझर, म्हणजे ते मशीन चालवणारे खालचे सॉफ्टवेअर, जे दाखवेल तेच दिसते. तेथे एकच नोड दिसला म्हणजे खाली एकच आहे असे नव्हे.

नेटवर्क कार्डही कोणत्या तरी एका सॉकेटलाच जोडलेले असते. सिस फाइलप्रणालीत त्या कार्डाच्या डिव्हाइस फोल्डरमधील नुमा_नोड ही फाइल तो क्रमांक सांगते, आणि भरपूर रहदारी झेलणारी सेवा त्याच नोडवर ठेवणे हिताचे असते.

अलीकडे सीएक्सएल या दुव्याने बाहेरून जोडलेली मेमरी कोअर नसलेला स्वतंत्र नोड म्हणून दिसू लागली आहे. त्या नोडवर कोणताही थ्रेड चालत नसल्याने फर्स्ट टचने तेथे आपणहून काही पडत नाही. जवळचे नोड भरल्यावरच कर्नल तिकडे वळते. डिमोशन_एनेबल्ड चालू केल्यास थंड पडलेली पेजेस टाकून देण्याऐवजी त्या संथ नोडवर उतरवली जातात, आणि नुमा_बॅलन्सिंगमध्ये २ लिहिल्यास पुन्हा तापलेली पेजेस वर आणली जातात. अशा यंत्रावर जुन्या स्क्रिप्टमधील --इंटरलीव्ह=ऑल तसेच ठेवू नये, कारण त्यातील ‘ऑल’मध्ये हा संथ नोडही मोजला जातो आणि डेटाबेसचा बरोबरीचा हिस्सा तेथे जाऊन पडतो. तेथे नोडांचे क्रमांक स्पष्ट लिहावेत, किंवा कर्नल ६.९ वा त्यापुढचे असल्यास प्रत्येक नोडला त्याच्या वहनक्षमतेप्रमाणे वजन देणारे वेटेड इंटरलीव्ह वापरावे.